विकलेली शिकवण

पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात मी कामाला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला कशालाच हात लावू दिला नाही. दारावर नाव लिहून घेतलं, निळा कोट दिला आणि मागच्या अंगाच्या एका लांबट खोलीत पाठवलं. तिथे एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई स्टुलावर बसून जळकी मोटर उलगडत होती. मान वर न करताच म्हणाली, "ये. हात दाखव."

मला वाटलं, भविष्यबिविष्य सांगते की काय. तिनं माझी नखं बघितली. "ही आधी कापून ये. तारेवर ओरखडा आला की मोटर जळते. नवऱ्यावर आला तर तो नुसता ओरडतो."

खोलीतल्या बायका हसल्या, मीही हसले, आणि त्या हसण्यातच मी वाइंडिंग शिकायला बसले.

सगळा कारखाना त्यांना वहिनी म्हणायचा. त्या नावाला कारण त्यांचा धाकटा दीर. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू-सासरे नव्हते, नवरा छापखान्यात कामाला आणि दीर शाळकरी. त्याचं जेवणखाण, आजारपण, अभ्यास सगळं वहिनींनी अंगावर घेतलं. त्याला कॉलेजात घालायचं म्हणूनच त्या कारखान्यात लागल्या. पुढे तो शिकला आणि साहेब होऊन त्याच कारखान्यात आला. पहिल्याच दिवशी, नवा कोरा शर्ट घालून तो वाइंडिंगच्या खोलीत शिरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, डबा घरी विसरलात." हातातला डबा त्यानं टेबलावर ठेवला. साहेब माणूस डबा घेऊन आला याचं बायकांना इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. त्यांच्या नवऱ्याला मग ओघानंच आम्ही दादा म्हणायला लागलो.

ती खोली थोरल्या मालकांनी सुरू केलेली. थोरल्या मालकांचं डोकं उलटं चालतं, असं लोक म्हणायचे. नवं यंत्र घ्यायचं म्हटलं की ते महिनोन् महिने विचार करत, पण नव्या बाईला पूर्ण पगार देऊन नुसतं शिकवत बसवायला त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वाइंडिंग म्हणजे तसं सांगायला सोपं. लोखंडाच्या जाड कड्याला आतून खाचा असतात. त्या खाचांत आधी कागदाची घडी घालायची, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बोटांनी बसवायची, दोऱ्यानं बांधायची, मग वार्निशात बुडवून भट्टीत तापवायची. तार केसासारखी बारीक आणि तिच्यावर पातळ लेप. लेप जरा खरचटला की आतल्या आत ठिणगी पडते. मोटर आज चालते, उद्या चालते, आणि परवा कुणाच्या तरी घरी धूर निघतो.

वहिनी शिकवायच्या तेव्हा हात आणि तोंड एकदमच चालायचं. "तार ढकलू नका गं. पाहुण्यासारखी आत घ्या. ढकललेला पाहुणा आणि ढकललेली तार, दोन्ही पुढे त्रास देतात." असं काय काय. पण त्यांची खरी शिकवण निराळीच होती. आठवड्यातून एकदा परत आलेल्या जळक्या मोटरी त्या सगळ्यांसमोर उघडायच्या. मोटर कुणाच्या हातची, हे विचारायची बंदी. बिघाड कुठे, एवढंच विचारायचं. त्यामुळे झालं काय, की बायका आपणहून सांगायच्या, "ही माझीच असणार, त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं." एखादीला सोपी युक्ती सापडली तर ती झाकून ठेवायची नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्या खोलीला माहीत. शेजारच्या कारखान्यात अगदी आमच्यासारखीच यंत्रं होती, तार एकाच दुकानातून यायची. तिथल्या बायका मान मोडेस्तोवर राबायच्या, आणि संध्याकाळी त्यांच्या निम्म्या मोटरी तपासणीतून परत यायच्या. आम्ही गप्पा मारत काम करायचो आणि तरी आमच्याकडून जास्त माल बाहेर पडायचा.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलं कारभार बघायला लागली. मुलांना ती खोली डोळ्यांत खुपायची. तोवर दीर वर चढत चढत कारखान्याचा व्यवस्थापक झाला होता. एके दिवशी दुपारी आम्ही डबे उघडून बसलो असताना तो आला आणि वहिनींच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"वहिनी, तुमची ही खोली म्हणजे कारखान्याची खरी दौलत आहे."

"कसली दौलत? त्या खुर्चीचा पाय सुतळीनं बांधलाय बघ."

"खुर्च्यांचं नाही म्हणत मी. इथे जे शिकवलं जातं ते. यंत्र काय, पैसे टाकले की कोणीही आणतं. पण माणसाच्या एका तासातून किती आणि कसं काम निघतं, हे असल्या न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरतं. शिकवणं, कामाची पद्धत, एकमेकांवरचा विश्वास, कंपनीचं नाव. ज्या देशातले कारखाने यात पैसा घालतात ना, तो देश पुढे जातो. बाकीचे नुसती यंत्रं जमवत बसतात."

"देश जाईल पुढे. तू आधी हात धू आणि दोन घास खा."

त्यानं हात धुतले, वहिनींच्या डब्यातलं खाल्लं आणि खाता खाता बेत सांगितला. मालकांची मुलं मोठं प्रशिक्षण केंद्र काढणार. इतर कारखान्यांतल्या बायकासुद्धा तिथे शिकायला येणार. वहिनी त्याच्या प्रमुख. पण त्याआधी वहिनी जे जे शिकवतात ते सगळं कॅमेऱ्यानं टिपून ठेवायचं, म्हणजे एका वेळी पुष्कळ जणींना शिकवता येईल.

वहिनींचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, "मी? प्रमुख?" आणि मग आमच्याकडे वळून, "ऐकलंत का गं, उद्यापासून माझ्याशी नीट बोलायचं."

त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीत दिवे लागले, कॅमेरा आला, टेबलावर पांढरा कागद अंथरला गेला. वहिनी रोज केस नीट विंचरून यायच्या. पहिले काही दिवस त्या कॅमेऱ्यासमोर शाळेतल्या पाहुण्यांसारखं बोलल्या. मग दीर म्हणाला, "वहिनी, रोज बोलता तसं बोला. विनोद करा. त्यातच तर सगळं आहे." मग त्या खुलल्या. कागद कसा दुमडायचा, बोट कुठे टेकायचं, तार नाराज झाली हे कसं ओळखायचं, काही म्हणून हातचं राखलं नाही.

त्याच दिवसांत एक बाई कारखान्यात यायला लागल्या. हातात लॅपटॉप, पायात आवाज न करणारे बूट. आम्ही त्यांना मोजणीवाल्या बाई म्हणायचो, कारण त्या नुसतं विचारत बसायच्या. नव्या बाईचा हात किती दिवसांत बसतो? शिकून बाहेर किती जणी जातात? वहिनींनी त्यांना विचारलं, "तुम्ही नक्की काय मोजता?"

त्या हसून म्हणाल्या, "शेजारी हीच यंत्रं आहेत. तरी तुमच्याकडे जास्त काम होतं. ते जास्तीचं कुठून येतं, ते मोजते. त्यालाही किंमत असते."

वहिनींना हे फार आवडलं. जन्मभर जे केलं त्याला किंमत असते, असं कुणी तरी म्हटलं होतं. घरी जाऊन त्यांनी दादांनाही ते दोनदा सांगितलं. किंमत काढतात ती वस्तू विकायची असते, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

काम संपलं तेव्हा दिरानं काही कागद सहीला आणले. "चित्रीकरणाची परवानगी," म्हणाला.

"तू वाचलंस ना?"

"वाचलं, वहिनी."

"मग झालं." आणि त्यांनी सही केली.

पावसाळा संपता संपता आम्हाला सगळ्यांना अंगणात बोलावलं. दीर पायऱ्यांवर उभा होता. कारखाना दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं घेतला, असं त्यानं वाचून दाखवलं. घेतला म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. त्यांनी आमच्या मोटरीचं नाव घेतलं, नकाशे घेतले, गिऱ्हाइकं घेतली, वहिनींचं चित्रीकरण घेतलं. यंत्रं भंगारात गेली, इमारतीचं गोदाम झालं. माणसं त्यांना नको होती. प्रशिक्षण केंद्राचं नावसुद्धा त्या कागदात नव्हतं.

त्या दिवशी वहिनींनी दिराला गाठून विचारलं, "तुला कधी कळलं रे हे?"

"मलाही परवाच, वहिनी. माझ्या हातात काही नव्हतं."

त्यांनी विश्वास ठेवला. उलट त्याचं तोंड उतरलेलं बघून त्यांनाच वाईट वाटलं. नव्या कंपनीनं त्याला इथल्या विक्री कार्यालयाचा प्रमुख नेमला, तेव्हा त्या आम्हाला म्हणाल्या, "चला, आपल्यातल्या एकाचं तरी बरं झालं."

आम्ही दाही दिशांना पांगलो. कुणी दुकानात उभी राहिली, कुणी दुसऱ्यांच्या घरची कामं धरली. मी पुठ्ठ्याचे खोके घडी करायच्या कामाला लागले. खोका घडी करायला शिकावं लागत नाही, म्हणून तिथे शिकवतही नाहीत, आणि तुम्ही किती वर्षं करता त्यानं काही फरकही पडत नाही. ज्या बोटांवर थोरल्या मालकांनी एवढा खर्च केला होता, ती बोटं मी पुठ्ठ्यावर घासत होते.

वहिनी मात्र स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. घरातली पुढची खोली त्यांनी रिकामी केली, दादांनी लाकडी बाकं आणली. मोटरी दुरुस्त करणारी लहान लहान दुकानं गावात पुष्कळ होती. तिथे कामाला जाऊ शकतील अशा बायकांना शिकवायचं त्यांनी ठरवलं. आमच्यातल्या काही जणींना त्या हाताखाली घेणार होत्या. मी खोक्यांचं काम सोडणार, असं घरी सांगूनही टाकलं.

तेवढ्यात दीर आला. मी तिथेच होते, खिडकीला पडदा लावत होते. तो बाकांकडे बघत उभाच राहिला.

"वहिनी, हे करता येणार नाही तुम्हाला."

"काय करता येणार नाही?"

"शिकवणं. तुम्ही सही केली त्या कागदात आहे. ही पद्धत आता कंपनीची आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाला शिकवलंत तर ते कोर्टात जातील. तुमच्यावर, दादावर दावा लावतील. हे घरसुद्धा जाईल."

"पण तू तर म्हणाला होतास, नुसती परवानगी."

"मला तरी कुठे माहीत होतं ते इतकं कडक वागतील? मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

दादा दारात उभे राहून ऐकत होते. घर जाईल म्हटल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. वहिनी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर आम्ही सगळेच रस्त्यावर आलो असतो." आणि त्याला पाणी द्यायला आत गेल्या.

बाकं दादांनी एका शाळेला देऊन टाकली. वहिनी घरी बसल्या. पुढे एका दुरुस्तीच्या दुकानात मोटरी उघडायचं काम त्यांनी धरलं, पण तिथे कुणाला काही सांगायचं नाही, हे त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेलं बंधन. शेजारच्या टेबलावर कुणी तारेवर जोर देताना दिसलं, तर त्या तोंड फिरवून बसायच्या.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग माझी भाची त्या दुसऱ्या शहरात, त्याच मोठ्या कंपनीत लागली. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आम्हाला काय छान शिकवतात! स्क्रीनवर बघून बघून हात आपोआप बसतो. आमचा कारखाना सगळ्यात पुढे आहे म्हणे." तिनं फोनवर त्या शिकवण्याचा एक तुकडा दाखवला. मी तिला घेऊन तशीच वहिनींकडे गेले.

स्क्रीनवर फक्त हात दिसत होते. चेहरा कापलेला. हात वहिनींचे, अंगठ्याजवळच्या भाजल्याच्या डागासकट. पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता, रेडिओवरच्या बाईसारखा गुळगुळीत. आणि तो आवाज म्हणत होता, "नवऱ्यावर आला तर तो नुसता ओरडतो."

भाची हसली. तिला काय माहीत. वहिनी फोनकडे बघत राहिल्या. "पुन्हा लाव," म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "चांगलं शिकवतात पोरींना. खरंच चांगलं शिकवतात. पण माझा आवाज का काढला गं? त्याला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "माझ्याबरोबर चल. त्या कंपनीत जाऊन विचारते. वर्षातून एकदा, चार बायकांना तरी शिकवू द्या म्हणते. हात जोडते. फार तर नाही म्हणतील."

आम्ही बसनं गेलो. काचेची इमारत, थंडगार खोली. कायद्याचं काम बघणारी एक तरुण अधिकारी भेटली. आम्हाला वाटलं होतं बाहेरच्या बाहेर हाकलतील, पण तिनं बसायला सांगितलं, संगणकावर करार उघडला आणि वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्हाला मनाई कुणी केली?"

"तुम्हीच ना."

"आम्ही? यात फक्त एवढंच आहे की आमच्यासारखी मोटर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत तुम्ही एक वर्ष शिकवायचं नाही. ते वर्ष कधीच संपलं. घरी शिकवायला तर तेव्हाही आडकाठी नव्हती."

वहिनींना नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, कारण त्या तशाच हसऱ्या चेहऱ्यानं बसून होत्या. मीच विचारलं, "मग त्यांच्या दिरांनी असं का सांगितलं? ते आमच्या गावातल्या तुमच्याच कार्यालयाचे साहेब आहेत."

मग तिनं सरळ सांगून टाकलं. कदाचित सांगायला नको होतं. "त्यांनी आम्हाला हमी दिली होती की ही शिकवण दुसरीकडे कुठेही जाणार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी वयामुळे काम सोडलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या हमीवरच त्यांची नेमणूक झाली."

"आणि हा सौदा कधी ठरला?" वहिनींनी विचारलं.

"चित्रीकरणाच्या आधी. चित्रीकरण हा सौद्याचाच भाग होता."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या. मी आपली काहीबाही बोलत राहिले, केसानं गळा कापला म्हणाले, आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणाले. त्यांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, तेव्हा मी गप्प झाले.

रविवारी त्यांनी दिराला बोलावलं. मलाही म्हणाल्या, तू थांब, शिकवू नका म्हणाला ते तुझ्यासमोरच म्हणाला होता. तो आला, खुर्चीत बसला, आमची तोंडं बघून समजला. आधी म्हणाला त्या अधिकारी बाईला काही कळत नाही. मग म्हणाला कायदा असाच असतो. मग त्याचा धीर सुटला.

"माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत, वहिनी? कारखाना तसाही विकला जाणारच होता. मालकांच्या मुलांना तो चालवायचाच नव्हता. त्या लोकांनी मला सांगितलं, ही पद्धत फक्त आमच्याकडेच राहिली तर तुम्हाला ठेवू. माझी पोरं लहान होती. घर घ्यायचं होतं."

"मग तसं मला का नाही सांगितलंस?" वहिनींचा आवाज चढला नाही. "येऊन म्हणाला असतास, वहिनी, माझी नोकरी यावर आहे, तुम्ही शिकवू नका. मी शिकवलं असतं का? सांग ना. मी आयुष्यात कधी तुझं काही अडवलंय?"

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"मी आपणहून थांबले असते रे. तुझ्यासाठी थांबले असते. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस. घर जाईल म्हणून घाबरवलंस. दादाला रात्र रात्र झोप नव्हती, आणि तू जाताना माझ्या हातचं पाणी पिऊन गेलास."

"वहिनी, मी..."

दादा आयुष्यभर धाकट्याची बाजू घेत आले होते. आजही घेतील, झालं गेलं सोडा म्हणतील, असं मला वाटलं. ते उठले, दारापाशी गेले, दार उघडलं आणि ते उघडं धरून उभे राहिले. धाकट्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो उठून गेला. दादांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर वहिनींनी पुन्हा वर्ग सुरू केला, पण ते दिवस निघून गेले होते. आमच्यातल्या बऱ्याच जणी गाव सोडून गेल्या होत्या. मी बाकावर बसले तर माझ्या बोटांना खाच सापडेना. तार खरचटली आणि मला रडू आलं. दुरुस्तीच्या दुकानदारांकडे वहिनी स्वतः जाऊन आल्या, शिकायला बायका पाठवा म्हणाल्या. सगळ्यांचं उत्तर एकच. "शिकेपर्यंत पगार मी द्यायचा, आणि शिकली की ती शेजारच्याकडे जाणार. मला काय पडलंय?" थोरल्या मालकांना मात्र ते पडलेलं होतं. तसे मालक आता गावात कुणी उरले नव्हते. शेवटी तिघी जणी आल्या, त्याही आपल्या खर्चानं.

गेल्या महिन्यात मी वर्गात बसले होते. वहिनी कागदाची घडी दाखवत होत्या, खाचेच्या कडेला जिथे तार सगळ्यात जास्त खरचटते तिथली. तिघींतल्या एका बाईनं घरी जाऊन आठवावी म्हणून पिशवीतून फोन काढला आणि त्यांच्या हातांसमोर धरला.

वहिनींनी घडी हातातच चुरगळली. "ठेव तो," म्हणाल्या. बाई गोंधळली, म्हणाली, "अहो, मी फक्त माझ्यापुरतं..." वहिनी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणावर ओरडताना बघितलं नव्हतं. "फोन बाहेर ठेवायचा नसेल तर येऊ नकोस इथे. कुणासाठी काढतेस? कुणी पाठवलंय तुला?"

बाईनं पिशवी उचलली आणि ती गेली. उरलेल्या दोघी मान खाली घालून बसल्या. वहिनींनी नवा कागद घेतला, घडी घालायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून त्या दोघींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आज एवढंच. बाकीचं पुढं कधीतरी बघू," आणि अर्धी घडी टेबलाच्या खणात टाकून त्यांनी खण बंद केला.